नळीवर लिहिलेलं ‘खाली’

‘खाली’ हा शब्द मी आता लिहीत नाही. बोलते, कारण बोलल्याशिवाय भागत नाही. लिहायची वेळ आली की ‘तळाशी’ लिहिते, ‘बुडाला’ लिहिते, फारच अडलं तर बाण काढते. मी शिकवते त्या कॉलेजातल्या मुलींना ही माझी लकब वाटते. वाटू दे. या एका शब्दापायी माझं चौदा महिन्यांचं काम कचऱ्यात गेलं आणि एका बाईची नोकरी गेली. कामासाठी मी यथेच्छ रडून घेतलं. नोकरीचं मात्र अजून पचलेलं नाही, म्हणून हे लिहायला बसले.

या शब्दाची गोष्ट आमच्या घरात माझ्या जन्माआधीपासून आहे. बाबा महाराष्ट्रातून इथं भोपाळच्या मोठ्या कारखान्यात टेक्निशियन म्हणून आले आणि इंद्रपुरीत वरच्या मजल्यावर बिऱ्हाड थाटलं. आई नवीन, तिचं हिंदी शाळेत शिकलेलं तेवढंच. एक दिवस गॅसवाला भरलेला सिलिंडर खांद्यावर घेऊन जिन्याच्या पायथ्याशी आला आणि ओरडला, ‘‘कहाँ रखूँ, भाभीजी?’’ आईनं वरून सांगितलं, ‘‘खाली! खाली!’’ बाबा आल्यावर वर चढवतील, असा तिचा विचार. त्यानं खांद्यावरच्या सिलिंडरकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. ‘‘खाली नहीं है भाभी, भरा है!’’ ‘‘हाँ हाँ, खाली!’’ असं चारपाच वेळा झालं आणि तो बिचारा सिलिंडर घेऊन आल्या पावली परत गेला. आईनं दोन दिवस शेजारणीच्या शेगडीवर स्वयंपाक केला. पाहुणे आले की बाबा ही गोष्ट सांगणार म्हणजे सांगणार, आणि आई लटक्या रागानं चहा टाकायला उठणार.

म्हणजे हिंदीत खाली म्हणजे रिकामं, हे मला बाराखडीच्या आधी ठाऊक होतं. भोपाळात वाढलेल्या मराठी मुलीला हे वेगळं शिकवावं लागत नाही. शाळेत शिक्षा म्हणजे शिक्षण, घरी शिक्षा म्हणजे शिक्षा. शाळेत चेष्टा म्हणजे प्रयत्न, ती करावी लागे, घरी केली तर धपाटा मिळे. आम्ही फाटकापाशी शब्दांचे अर्थ बदलून आत शिरायचो. तरीही मी तो शब्द लिहिला, स्वतःच्या हातानं, न पुसल्या जाणाऱ्या मार्करनं, अकरा वेळा.

मी पीएच.डी. करत होते तिथं आम्ही एका जंताचा अभ्यास करायचो. जंत म्हटलं की लोक नाक मुरडतात. पण हा मातीत राहणारा, कोणाच्या अध्यात ना मध्यात, पारदर्शक, लांबीला एखाद मिलिमीटर. बाबांनी तो सूक्ष्मदर्शकातून पहिल्यांदा पाहिला तेव्हा म्हणाले, ‘‘याच्यासाठी सरकार तुला पोसतंय?’’ या जंताच्या काही चेतापेशींच्या टोकाला एकेक अतिसूक्ष्म केस असतो. त्याला सिलिया म्हणतात. या केसांनी तो बाहेरचं जग हुंगतो, चाखतो, चाचपतो. आपल्या नाकात वास ओळखणाऱ्या ज्या पेशी असतात, त्यांनाही असेच केस असतात. तेव्हा नाक मुरडणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

यातल्या काही पेशी आपल्या केसाच्या टोकातून अगदी बारीक पिशव्या बाहेर सोडतात. पेशीतल्या प्रथिनाला चमकणारी खूण जोडली, तर जंताच्या डोक्याभोवती आणि नराच्या शेपटीभोवती हिरवे ठिपके तरंगताना दिसतात. मी ते पहिल्यांदा पाहिले तेव्हा धावत सरांना बोलावून आणलं. सर म्हणजे माझे मार्गदर्शक. त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, लगेच काढला. ‘‘कचरा है. स्लाइड ठीक से धोया करो.’’ मी म्हटलं, सर, बाहेरच्या देशांत लोक यावर काम करतायत. ‘‘वो लोग कर सकते हैं,’’ सर म्हणाले, ‘‘अपने यहाँ जो दिखता है वो कचरा ही होता है.’’ हे ते अगदी शांतपणे म्हणाले. आपल्या लॅबबद्दल, म्हणजे स्वतःबद्दलच, असं बोलताना त्यांना काहीच वाटलं नाही याचा मला त्या दिवशी फार राग आला.

माझा प्रश्न साधा होता. शरीरातल्या प्रत्येक पेशीत जनुकं तीच असतात, पण प्रत्येक पेशी त्यातली मोजकीच चालू ठेवते. घरभर दिवे असावेत आणि आईनं फक्त ओट्यावरचा लावावा, तसं. कोणती जनुकं चालू आहेत हे पेशीत तयार होणाऱ्या आरएनएवरून कळतं. मग या केसवाल्या पेशींत जी जनुकं चालू आहेत, त्यांचा काही माग त्या बाहेर सोडलेल्या पिशव्यांत सापडतो का? सापडला तर तो कचरा नाही, निरोप आहे. कोणीतरी कोणालातरी धाडलेला. मला तो वाचायचा होता. खरं सांगायचं तर सरांच्या तोंडून तो ‘कचरा’ शब्द परत घ्यायला लावायचा होता, आणि हे दुसरं कारण पहिल्यापेक्षा मोठं होतं.

सरांनी परवानगी दिली ती ‘अपने टाइम में करो’ अशी. म्हणजे मुख्य काम करून उरलेल्या वेळात. मुख्य काम होतं त्याच चेतापेशींतल्या चालू जनुकांची यादी करणं, जी बरीचशी आधीच कोणी ना कोणी केलेली होती. उरलेल्या वेळात मी जंत वाढवायची. प्लेटाच्या प्लेटा. या जातीत नर फार थोडे निपजतात, म्हणून नर जास्त होतील असा वाण मागवला होता. प्लेटा धुवायच्या, ते पाणी आधी हळू फिरवून जंत आणि जिवाणू काढून टाकायचे, मग गाळायचं, मग मोठ्या यंत्रात प्रचंड वेगानं फिरवायचं. तेव्हा कुठे त्या पिशव्या नळीच्या बुडाशी बसतात. त्याला गाळ म्हणायचं, पण तो डोळ्यांना दिसत नाही. वरचं पाणी काढून घेतलं की नळी कोरडी ठणठणीत दिसते. म्हणून नळी फिरवण्याआधीच, गाळ ज्या बाजूला बसणार तिथं बाहेरून मार्करनं एक टिंब काढून ठेवायचं आणि मग त्या टिंबावर विश्वास ठेवायचा. एका नळीमागे सव्वा महिना जात होता.

लॅबची रीत अशी की वरच्या पाण्याच्या नळीवर इंग्रजी एस लिहायचा आणि बुडच्या गाळावर पी. आमच्याच लॅबमध्ये एकाचं नावच पी-वरून सुरू व्हायचं आणि तो आपल्या सगळ्या नळ्यांवर पी लिहायचा. माझी पहिलीच नळी त्यानं आपली समजून वापरून टाकली. ‘‘सॉरी यार, मेरा नाम लिखा था,’’ असं वर म्हणाला. मी चिडले आणि ठरवलं की माझ्या नळ्यांना माझी भाषा. वरच्या पाण्याला ‘वर’, बुडच्या गाळाला ‘खाली’. बाबा कारखान्यात खोक्यांवर खडूनं असंच लिहायचे. वाटलं, आता कोणी हात लावणार नाही. देवनागरी इथं सगळेच वाचतात, हे डोक्यातच आलं नाही. मराठी म्हणजे जणू माझी गुप्त लिपी. अक्कल गहाण ठेवणं म्हणजे काय, ते हे.

आता त्या बाईबद्दल. लॅबमधलं काचसामान धुवायला आणि प्लेटांमध्ये ओतायचं आगर, म्हणजे जंत ज्यावर वाढतात ती जेली, शिजवायला एक बाई होती. कंत्राटी होती, वय पंचावन्नच्या पुढे. सगळे तिला ‘बाई’ म्हणायचे. मराठीत बाई म्हणजे शाळेतल्या बाई. भोपाळात बाई म्हणजे भांडीवाली. मी दुसऱ्या अर्थानं म्हणायची. तिच्या हातच्या आगरात कधी गुठळी नसे, बुडबुडा नसे. माझ्या सगळ्या प्लेटा तिनंच ओतलेल्या. बुरशी धरलेली प्लेट ती नुसत्या वासावरून ओळखायची, ‘‘मैडम, इसमें फफूंद आ रही है,’’ आणि दुसऱ्या दिवशी खरंच पांढरा डाग उमटायचा. एकदा तिनं विचारलं होतं की ट्यूब पे ये बिंदी क्यों लगाती हो. मी सांगितलं की इथं सामान बसतं, दिसत नाही पण असतं. ‘‘अच्छा,’’ म्हणाली आणि मान डोलावली. दुपारी ती जिन्यात बसून डबा खायची. डब्यात ज्वारीची भाकरी आणि हिरवा ठेचा. मी रोज तिथून जायची आणि मला त्यावरूनही काही सुचलं नाही.

अकरा नळ्या झाल्या होत्या. बारा झाल्या की सगळ्या एकत्र करून तपासायला पाठवायच्या होत्या. तेवढ्यात बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आणि मी तीन दिवस सुट्टी घेतली. फेलोशिपची मुदत दोन महिन्यांत संपत होती. वाढवून घ्यायचा फॉर्म भरून मी सरांच्या टेबलावर ठेवला. त्यावर फक्त त्यांची सही हवी होती.

परत आले तर लॅब चकाचक. एक कमिटी पाहणीला येणार म्हणून साफसफाई झालेली. मी मोठा फ्रीझर उघडला. रॅकमध्ये ‘वर’ होत्या. सगळ्या होत्या, ओळीनं. ‘खाली’ एकही नव्हती. मी सगळे कप्पे पाहिले, दुसऱ्यांचे डबे उघडले, हात बधिर होईपर्यंत शोधलं. मग कोणीतरी म्हणालं, कचऱ्याच्या पिशव्या परवाच वाफेत उकळून गेल्या. सरांचा कचरा शेवटी कचऱ्यात गेला होता.

मी सरांच्या खोलीत गेले आणि रडत रडत सांगितलं की माझ्या गाळाच्या नळ्या नाहीत. सर खुर्चीत मागे रेलले. ‘‘बाई ने फेंक दिए होंगे. खाली लिखा था, उसने खाली समझ लिया. बेचारी पढ़ी-लिखी तो है नहीं.’’ मग म्हणाले, ‘‘लेकिन कमेटी पूछेगी. तुम एक एप्लिकेशन लिख के दे दो.’’ नळ्यांवर मी काय लिहिते हे मी सरांना कधी सांगितलेलं नव्हतं. हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. आलं नाही, कारण मला कोणीतरी हवं होतं ज्याच्यावर चिडता येईल, आणि सरांनी ते माणूस हातात दिलं.

तिथंच बसून मी अर्ज लिहिला. ‘सफाई कर्मचारी द्वारा असावधानीवश शोध सामग्री नष्ट कर दी गई।’ माझं सरकारी हिंदी उत्तम आहे, शाळेत बक्षिसं मिळवलेली आहेत. मग बाहेर येऊन सिंकपाशी उभ्या असलेल्या त्या बाईवर मी सगळ्यांदेखत ओरडले. ‘‘एक बार पूछ तो लेतीं! चौदह महीने का काम था मेरा!’’ तिनं नळ बंद केला. हात पुसले. माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा बाटल्यांकडे वळली. मला तो कबुलीजबाब वाटला.

संध्याकाळी घरी बाबा काळा चष्मा लावून बसले होते. मी नळ्यांची हकीकत सांगितली. ‘खाली’ म्हटल्याबरोबर ते हसायला लागले. ‘‘सिलिंडर! अगं, तुझ्या आईचा सिलिंडर!’’ डोळ्यात पाणी येईपर्यंत हसले, डॉक्टरांनी डोळ्यांना त्रास देऊ नका म्हणून बजावलेलं असताना. आईनं त्यांचा खांदा दाबला तेव्हा थांबले. त्यानंतर आमच्या घरात ती गोष्ट कोणी सांगितलेली नाही.

ठेकेदाराकडून निरोप आला की बाईचं काम महिनाअखेरपर्यंतच. शेवटच्या दिवशी दुपारी लॅबमध्ये मी एकटीच होते. ती माझ्या टेबलापाशी आली, हातात डब्याची पिशवी घेऊन.

‘‘ताई, एक गोष्ट सांगू काय? रागावू नका.’’

सहा वर्षांत हे माणूस माझ्याशी मराठीत बोललेलं नव्हतं.

‘‘माहं माहेर पांढुर्ण्याचं,’’ ती म्हणाली. ‘‘आमच्या घरी मराठीच बोलतेत. खाली म्हंजे बुडाशी, थे मले नाही समजत काय? तुमी टिकली लावून ठेवता त्या बाजूले सामान असते, हे तुमीच सांगतलं होतं. मी कायले फेकीन?’’

‘‘मग कोणी फेकल्या?’’

‘‘सायबानं. कमेटी येनार होती तं सोताच फ्रीजर उघडून एकेक काढत होते. मी मांगं पिशवी धरून उभी होती. मी म्हनलं, सर, इसमें मैडम का कुछ है. त्यायनं नळी उजेडात धरली, म्हने, क्या है इसमें, लिखा तो है खाली. अन् टाकली पिशवीत. अकराच्या अकरा.’’

माझ्या कानात सरांचं वाक्य पुन्हा वाजलं. खाली लिखा था. त्यांना कसं माहीत असणार, वाचल्याशिवाय?

‘‘तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत?’’ मी विचारलं.

‘‘तुमी इचारलं कुठी? तुमी तं आल्या आल्या चिल्लावल्या.’’

इथपर्यंत मी ‘ती’ लिहिलं आहे. मुद्दाम नाही, हात तसा जात होता, आणि मागे जाऊन पाहिलं तर सरांसाठी पहिल्या ओळीपासून ‘त्यांनी’ लिहिलंय. आता पुढे ‘त्या’ लिहिते. उशीर झाला आहे, पण लिहिते.

मी त्यांना विचारलं की इतकी वर्षं माझ्याशी मराठीत का बोलला नाहीत. त्या जरा हसल्या. पहिल्या आठवड्यात मी जिन्यात फोनवर आईशी बोलत होते, ते त्यांनी ऐकलं. त्यांना आनंद झाला. फोन ठेवल्यावर त्यांनी मला विचारलं होतं, ‘‘ताई, तुमी मराठी हाय काय?’’ आणि मी म्हटलं होतं, ‘‘हाँ. बोलो, क्या काम है?’’

मला हे अजिबात आठवत नाही. पण मी असंच म्हणाले असणार, यात मला तिळमात्र शंका नाही. ते वाक्य माझंच आहे. तो सूरही मला ऐकू येतो.

मग त्यांनी ज्यासाठी आल्या होत्या ते सांगितलं. ठेकेदाराचा माणूस म्हणत होता की मॅडमनं तो कागद परत घेतला तर नाव पुन्हा चढेल. ‘‘सायबाचं नाव नका घेऊ तुमी. तेवढा कागद वापस घ्या, बस. या वयात मले दुसरं काम कोन देईन?’’

मी म्हटलं, ‘‘बघते.’’

मराठीत ‘बघते’ म्हणजे काय, हे त्यांनाही समजत होतं. त्यांनी मान हलवली, डब्याची पिशवी उचलली आणि गेल्या. जाताना सिंकपाशी थांबून एक काचेची बाटली उपडी करून ठेवली, पाणी निथळायला.

घरी हे सगळं सांगितलं तेव्हा आई नुसती ‘अरेरे’ म्हणाली. बाबांनी काळा चष्मा काढला. ‘‘आमच्या शॉपमध्ये काही बिघडलं की फोरमन आधी विचारायचा, मशीनवर कोण होतं. तू विचारलंस?’’

‘‘नाही.’’

‘‘मग उद्या जाऊन कागद परत घे.’’

‘‘बाबा, फॉर्मवर सरांची सही व्हायचीय अजून. परवा शेवटची तारीख.’’

त्यांनी चष्मा पुन्हा लावला. ‘‘मग तू बघ,’’ म्हणाले आणि रेडिओचं बटण फिरवायला लागले. मला ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरांच्या दारात उभी राहिले. काय बोलायचं ते स्कूटरवर घोकत आले होते. सर, माझा अर्ज मला परत हवाय, चूक माझी होती, शब्द माझा होता. एवढंच. सरांवर आरोप करायचीही गरज नव्हती. सर प्रसन्न होते, कमिटीनं कौतुक केलं होतं. ‘‘आओ, आओ. तुम्हारा फॉर्म यहीं है.’’ त्यांनी फॉर्म पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं.

‘‘सर, वो बाई वाला एप्लिकेशन...’’

‘‘हाँ?’’ त्यांनी वर पाहिलं. पेन कागदापासून बोटभर वर थांबलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीतीही नव्हती. ते फक्त थांबले होते, माझं वाक्य पूर्ण व्हायची वाट बघत. त्यांना ठाऊक होतं की मला ठाऊक आहे. हे मी शपथेवर सांगू शकते.

‘‘कुछ नहीं, सर.’’

त्यांनी सही केली. मी म्हणाले, ‘‘थैंक यू, सर.’’

लोक अशा वेळी म्हणतात की माझा नाइलाज होता. माझा नाइलाज नव्हता. अर्ज परत घेतला असता तर सरांनी कदाचित चार दिवस तोंड वाकडं केलं असतं आणि मग सही केली असती. कदाचित नसती केली. मला तो ‘कदाचित’ नको होता, म्हणून मी दुसऱ्या बाईचा पोटापाण्याचा धंदा त्याच्यावर ओवाळून टाकला. आजवर मी सरांना मनातल्या मनात खूप शिव्या दिल्या आहेत. त्या दिल्या की बरं वाटतं, पण तासाभरापुरतं.

मुदत वाढली. पिशव्यांचं काम पुन्हा पहिल्यापासून करण्याएवढी ती नव्हतीच. सरांनी सुचवल्याप्रमाणे मी चालू जनुकांच्या यादीवर प्रबंध लिहिला. पिशव्यांना त्यात एक वाक्य मिळालं, की या पुटिकांचा अभ्यास भविष्यात करता येईल. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या एका परीक्षकांनी विचारलं की चित्रात जंताच्या शेपटीभोवती हे ठिपके कसले दिसतायत. मी तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, ‘‘डेब्रिस.’’ म्हणजे कचराच, इंग्रजीतला. मी पुढचं चित्र लावलं. मग सगळ्यांनी समोसे खाल्ले. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात सरांना एक अख्खा परिच्छेद आहे, आईबाबांना तीन ओळी आहेत, आणि ज्यानं माझी पहिली नळी वापरून टाकली त्याचंही नाव आहे. ज्यांच्या हातच्या आगरावर तो अख्खा प्रबंध वाढला, त्या बाईंचं नाव नाही. त्यांचं नाव मला माहीतच नव्हतं. विचारायला मी ऑफिसातही गेले नाही.

आता मी एका कॉलेजात पेशीशास्त्र शिकवते. दर वर्षी फळ्यावर ती चेतापेशी काढते, टोकाला केस काढते, केसातून सुटणाऱ्या पिशव्या काढते. मुली विचारतात, यात काय असतं? मी सांगते की पेशीत जे चालू असतं त्यातलं काही बाहेर जातं, आणि दुसरं कोणीतरी ते वाचतं. एवढं सांगून पुढच्या आकृतीकडे वळते.

गेल्या महिन्यात माझा कॉलेजात न्यायचा डबा गळायला लागला, म्हणून मी जवाहर चौकात गेले. भांड्यांच्या दुकानात पुढ्यात एक बाई स्टीलचे डबे फडक्यानं पुसून मांडणीवर लावत होत्या. केस पूर्ण पांढरे झालेले. प्रत्येक डबा पुसून झाला की उजेडात धरून आत पाहत होत्या. त्यावरूनच मी ओळखलं. आगराच्या बाटल्याही त्या अशाच बघायच्या.

मालक गल्ल्यापाशी होता. मी जवळ गेले. किती वर्षं घोकलेलं सगळं ओठाशी आलं होतं, आणि यावेळी मला काही मिळवायचंही नव्हतं. मी शक्य तितक्या आपुलकीनं, आपल्या भाषेत म्हटलं, ‘‘मावशी, ओळखलंत का मला?’’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पुरतं पाहिलं, घाई न करता. सिंकपाशी पाहिलं होतं तसंच. त्यांनी ओळखलं, यात शंका नाही. मग हातातला डबा माझ्यापुढे ठेवला.

‘‘क्या दिखाऊँ, मैडम?’’

‘‘मावशी, मी ती... लॅबमधली. तुम्ही पांढुर्ण्याच्या ना? मला तुमच्याशी...’’

‘‘हमको मराठी नहीं आती, मैडम,’’ त्या म्हणाल्या आणि पुढचा डबा पुसायला घेतला.

मालक बघायला लागला होता. मी समोरचा डबा उचलला आणि हिंदीत भाव विचारला.